परदेशी पाहुणा आणि घरचा खेळाडू

गोमंतकातील एखाद्या गावी जत्रेच्या नाटकाची बैठक भरली, की पात्रयोजनेच्या वेळी एक प्रश्न हटकून निघतो : नायिकेची भूमिका कोण करणार? नायक, खलनायक, विनोदी नोकर ही पात्रे गावातच सापडतात. नायिका मात्र पुष्कळदा बाहेरून आणावी लागते. तिचे मानधन ठरते, अखेरच्या एकदोन तालमींना ती येते, प्रयोगाच्या रात्री रंगभूमी गाजवते आणि पहाटे निघून जाते. नाटक रंगते, गावाचे नाव होते. पण पुढच्या वर्षी बैठक भरली की प्रश्न पुन्हा तोच असतो. मांडवीच्या काठी वसलेले, श्रीबेताळाचे गाव म्हणून ओळखले जाणारे आमोणे असो की डिचोली-पेडण्यातील दुसरे कोणतेही गाव असो, पाहुण्या कलावंताचे हे सुख आणि त्यामागून येणारे हे दुखणे तेथील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

क्रीडांगणावरही असाच एक पाहुणा असतो. व्यावसायिक स्पर्धेत उतरणारा संघ परदेशातील एखाद्या कुशल खेळाडूला ठरावीक मुदतीच्या करारावर आणतो. त्याच्या खेळाने सामने जिंकले जातात, प्रेक्षकांची गर्दी लोटते आणि वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. अशा खेळाडूंमुळे खेळाचा दर्जा वाढतो असे एक पक्ष म्हणतो. त्यांच्यामुळे घरच्या मुलांच्या जागा जातात, असा दुसऱ्या पक्षाचा आक्षेप असतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच पाहुणा आणावा की आणू नये, एवढ्यावर हा वाद मिटत नाही. पाहुणे किती आणावेत, त्यांना कोणत्या जागी खेळवावे आणि त्यांच्याकडून काय शिकून घ्यावे, हे खरे प्रश्न आहेत.

यातील पहिला प्रश्न निव्वळ गणिताचा आहे आणि तो बास्केटबॉलच्या मैदानावर सर्वांत स्पष्ट दिसतो. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून हा खेळ शोधून काढला. आज त्यात एका वेळी एका बाजूचे पाचच खेळाडू मैदानात असतात. त्यांपैकी एक परदेशी असला, तरी संघाचा पाचवा हिस्सा पाहुण्याचा झाला. त्यातही तो उंचापुरा असेल, तर टोपलीखालचे राज्य त्याचेच. प्रत्येक चढाईत चेंडू अखेर त्याच्याच हाती जाणार. फुटबॉलमध्ये अकरांत एक म्हणजे हिस्सा लहान दिसतो. परंतु तेथे गोलच मुळी थोडे होतात. साहजिकच प्रतिपक्षाच्या गोलासमोर उभा राहणारा एकटा आघाडीवीर आपल्या हिश्शाहून कितीतरी अधिक भाव खाऊन जातो.

हे गणित बास्केटबॉलवेड्या फिलिपिन्सने फार पूर्वीच ओळखले. तेथील व्यावसायिक बास्केटबॉल संघटना 1975 साली स्थापन झाली. तिने वर्षाचे भाग पाडून निरनिराळ्या चषकांचे नियम निरनिराळे ठेवले. एका चषकात केवळ फिलिपिनो खेळाडू खेळतात. परदेशी पाहुण्यांना दुसऱ्या चषकांत प्रवेश मिळतो, आणि तोही मोजून. तेथे पाहुण्याच्या उंचीलादेखील मर्यादा घालण्यात आली. ताडमाड परदेशी खेळाडू आणून सामना एकतर्फी करावा आणि घरच्या उंच खेळाडूला कायमचे बाकावर बसवावे, हे टाळण्याचा तो उपाय होता. पाहुण्याचे स्वागत आणि घरच्यांचे राखीव अंगण या दोन्हींची सोय एकाच वर्षात लावण्याची ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भारतात व्यावसायिक बास्केटबॉल अद्याप बाल्यावस्थेत आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेतील इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे दोन संघ मुंबईत येऊन वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात दोन सामने खेळून गेले. पुढे 2022-23 च्या मोसमात भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या मान्यतेने मुंबईसह सहा शहरांच्या संघांची लीग स्पर्धा झाली आणि तीत परदेशी खेळाडूंनाही स्थान मिळाले. परंतु परदेशी पाहुण्यांची रीत घरच्या खेळाला कोठवर नेते आणि कोठे अडवते, याचा दीर्घ अनुभव पाहावयाचा तर तो गोव्यातच, आणि तोही फुटबॉलच्या मैदानावर पाहावा लागतो.

या अनुभवाची एक वाट आमोण्यावरून जाते. फुटबॉलचे माहेर सासष्टी हे खरे. पण व्यावसायिक फुटबॉलला जो पैसा लागतो, त्याचा मोठा वाटा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील लाल मातीतून आला. या परिसरातील खाणींचे लोहखनिज ट्रकांतून मांडवीच्या धक्क्यांवर यावे, तेथे बार्जमध्ये चढावे आणि भरतीच्या पाण्याबरोबर मुरगाव बंदराकडे निघावे, हे दृश्य आमोण्याच्या काठावर अनेक पिढ्यांनी पाहिले. पुढे याच गावी सेसा गोवा उद्योगाचा कच्च्या लोखंडाचा कारखाना उभा राहिला. साळगावकर, डेंपो, सेसा, चौगुले ही खाणमालकांची नावे होती, तशीच ती गोव्याच्या फुटबॉल संघांचीही नावे झाली. साळगावकर संघ 1956 साली निघाला, म्हणजे गोवामुक्तीच्याही आधी. कामगाराला पगार, खेळाडूला नोकरी आणि संघाला मैदान, अशी ही व्यवस्था होती. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा भारतभर नावाजलेला गोलरक्षक साळगावकर संघातूनच पुढे आला. गोव्याने 1983 साली बंगालबरोबर संयुक्तपणे आणि 1984 साली स्वतंत्रपणे संतोष चषक जिंकला, तो अशाच घरच्या खेळाडूंच्या बळावर. संतोष चषक हा राज्याराज्यांचा चषक. तेथे परदेशी पाहुण्याला जागाच नव्हती.

परदेशी खेळाडू भारतीय फुटबॉलमध्ये ठळकपणे दिसू लागले ते प्रथम कलकत्त्याला. अलीगढला शिकावयास आलेले मजीद बिस्कर आणि जमशेद नसिरी हे इराणी तरुण 1980 साली ईस्ट बंगालकडून खेळू लागले. त्यानंतर नायजेरियाच्या चिमा ओकेरीने कलकत्त्याच्या तिन्ही मोठ्या संघांची मैदाने गाजवली. 1996 साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा ही रीत देशभर पसरली. लीग म्हणजे महिनोन्महिने चालणारी स्पर्धा. तिच्यात एखाद्या दिवसाच्या चमकीपेक्षा सातत्याला मोल असते, आणि आठवड्यामागून आठवडे गोल करू शकणाऱ्या खेळाडूचा शोध घेत संघांचे चालक आफ्रिकेकडे आणि ब्राझीलकडे वळले.

असा खेळाडू येतो कसा, हेही समजून घेण्याजोगे आहे. दलाल त्याचे नाव सुचवतो, संघ त्याचा खेळ पाहतो, करार होतो. परंतु करारावर सही झाली म्हणजे तो मैदानात उतरू शकतो असे नाही. ज्या देशात तो आधी खेळत होता, तेथील महासंघाने त्याला मोकळे केल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला भारतीय महासंघाकडे यावा लागतो. 2010 पासून हा सारा व्यवहार जागतिक फुटबॉल महासंघाच्या संगणकीय नोंदवहीतून चालतो. नोंदणीची मुदत वर्षातून ठरावीक काळच उघडी असते. त्याखेरीज काम करण्याचा परवाना असलेला व्हिसा लागतो. एवढे सोपस्कार पार पडल्यावर शेवटचा अडसर स्पर्धेच्या नियमाचा : संघात परदेशी किती नोंदवावेत आणि त्यांपैकी एका वेळी किती खेळवावेत. वरवर कारकुनी वाटणारा हा आकडा कित्येक घरच्या खेळाडूंचे भवितव्य ठरवून जातो.

गोव्याचा सुवर्णकाळ याच पाहुण्यांच्या सोबतीने आला. साळगावकर संघाने 1998-99 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकून प्रारंभ केला. डेंपो संघ 2004-05 मध्ये विजेता ठरला. त्यानंतर 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात मोसम देशाचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. डेंपोने ते चार वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोन वेळा आणि साळगावकरने एकदा मिळवले. लोकसंख्येने एखाद्या मोठ्या शहराच्या उपनगराएवढ्या असलेल्या राज्याने सात वर्षे साऱ्या देशाला मागे ठेवावे, ही भारतीय क्रीडेतिहासातील असाधारण घटना होय. 2008 साली डेंपो संघ आशियाई महासंघाच्या चषकात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

त्या वर्षांतील गोलांची यादी पाहिली, तर दोन नावे पुनःपुन्हा भेटतात. चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली आणि डेंपोचा रँटी मार्टिन्स, दोघेही नायजेरियाचे. रँटीने 2011-12 च्या मोसमात 32 गोल केले. त्याच्या मागे ब्राझीलचा बेटो चेंडू पुरवीत असे. परंतु केवळ या दोघांनी डेंपोला जिंकून दिले असे म्हणणे अन्यायाचे होईल. बचावफळीत महेश गवळी आणि समीर नाईक होते, मध्यफळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा होते आणि मार्गदर्शक आर्मांदो कुलासो होते. ही सारी गोव्याची माणसे. पाहुण्या नटीभोवती गावच्या कसलेल्या नटसंचाने नाटक उभे करावे, तशी ती रचना होती. शेजारी रोज सरावाला असा आघाडीवीर असल्यामुळे गोव्याच्या बचावपटूंना त्याला अडवण्याची सवय झाली. उत्तम बचाव शिकावयाचा तर समोर उत्तम आक्रमण लागते आणि ते पाहुण्यांनी पुरवले. हा त्यांचा खरा उपकार होता.

या कालखंडाची एक दुःखद आठवणही आहे. क्रिस्तियानो ज्युनिअर हा ब्राझीलचा आघाडीवीर ईस्ट बंगालकडून खेळून 2004 साली डेंपोकडे आला. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळुरूच्या कंठीरव मैदानावर महासंघ चषकाचा अंतिम सामना मोहन बागानशी होता. डेंपोचे दोन्ही गोल त्यानेच केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. वय अवघे पंचवीस. डेंपोने चषक जिंकला, त्याच मोसमात लीगही जिंकली आणि त्याचा दहा क्रमांकाचा सदरा पुढे कोणाला न देण्याचे ठरवले. करारावर आलेला परदेशी खेळाडू हा मोबदला घेऊन निघून जाणारा माणूस असतो, असे मानणाऱ्याने हा सदरा आठवावा. भारतात व्यावसायिक सामन्यांच्या वेळी मैदानावर डॉक्टर, रुग्णवाहिका आणि हृदयक्रिया सुरू करणारी उपकरणे सज्ज असणे किती निकडीचे आहे, याची जाणीव या मृत्यूने करून दिली. पण त्यासाठी एका तरुणाचा जीव जावा लागला.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. 2006-07 पासून 2012-13 पर्यंत देशाच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू दर मोसमात ओडाफा तरी होता किंवा रँटी तरी. गोलासमोरची जागा जवळजवळ प्रत्येक संघाने पाहुण्यासाठी राखून ठेवली. भारतीय तरुणाला आघाडीवर खेळावयाचे असेल, तर त्याला बाजूच्या फळीत सरकवले जाई किंवा बाकावर बसवले जाई. चालकांनाही दोष देता येत नाही. विजयाचा हिशेब मोसमाच्या शेवटी द्यावा लागतो आणि सतरा वर्षांच्या मुलाला आघाडीवीर घडवायला पाच-सहा मोसम लागतात. परिणाम राष्ट्रीय संघावर दिसला. सुनील छेत्री यांनी 2005 साली भारताकडून पदार्पण केले आणि पुढील दोन दशके गोलांचा बहुतेक भार एकट्याने वाहिला. जून 2024 मध्ये ते निवृत्त झाले, आणि मार्च 2025 मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांना परत बोलवावे लागले. सव्वाशे कोटींहून अधिक लोकांच्या देशाला दुसरा आघाडीवीर सापडू नये, यात केवळ पाहुण्यांचा दोष नाही. पण घरच्यांना ती जागा कधी मिळालीच नाही, हेही खोटे नाही.

याच छेत्रींची कारकीर्द पाहुणेपणाची आणखी एक बाजू दाखवते. ते 2009-10 मध्ये डेंपोकडून खेळले. 2013 साली उसनवारीच्या करारावर चर्चिल ब्रदर्सकडे आले, आणि त्याच मोसमात तो संघ विजेता ठरला. मधल्या काळात 2010 मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस सिटी संघाने आणि 2012 मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग संघाने त्यांना करारबद्ध केले. म्हणजे भारताचा खेळाडूही परक्याच्या घरी पाहुणा होऊन गेला. क्रिकेटमध्ये ही गोष्ट नवी नव्हती. विनू मंकड इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात हॅस्लिंग्डन या गिरणीगावाच्या संघाचे व्यावसायिक खेळाडू होते. 1952 साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाची पहिल्या कसोटीत धूळधाण उडाली, तेव्हा मंकडांना त्या गावाकडून मागून घ्यावे लागले. लॉर्ड्सच्या कसोटीत त्यांनी 72 आणि 184 धावा काढल्या आणि पाच बळीही घेतले. लँकेशायरच्या त्या गावांत प्रत्येक संघाला एकच व्यावसायिक खेळाडू ठेवता येई. बाकीचे दहा गिरणीत, दुकानात, शाळेत काम करणारे गावकरी. शनिवारच्या सामन्याइतकेच गावच्या पोरांना खेळ शिकवणे हे त्या पाहुण्याचे काम समजले जाई. एक पाहुणा आणि दहा शिष्य, हे ते प्रमाण होते.

भारतीय फुटबॉलमध्ये या प्रमाणाने उलटसुलट हेलकावे खाल्ले. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा मैदानातील अकरांपैकी सहा परदेशी चालत. म्हणजे घरचेच अल्पसंख्य. 2017-18 पासून ही मर्यादा पाचावर आणि 2021-22 पासून चारावर आली. तेवढ्यात गोव्याच्या जुन्या संघांची घडी विस्कटली होती. देशातील स्पर्धांची फेररचना मान्य नसल्यामुळे 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि डेंपो हे तिन्ही संघ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. डेंपो उद्योगाने आपला खाणव्यवसाय 2009 सालीच सेसा गोवाला विकला होता. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये राज्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा मांडवीवरील बार्जची वर्दळही थंडावली. ज्या पैशावर पाहुणचार चालत होता, तो ओघ आटला. अशा वेळी घरात काय शिल्लक राहिले, हीच पाहुण्याच्या उपयोगाची कसोटी ठरते.

ती कसोटी सर्वस्वी अपयशाची ठरली नाही. सेसा गोवाने 1999 साली काढलेल्या फुटबॉल अकादमीसारख्या संस्थांनी मुलांना लहान वयात हाताशी धरले होते. डेंपो संघाने मोठ्या नावांचा हव्यास सोडून तरुणांकडे लक्ष दिले आणि 2024-25 च्या मोसमात आय-लीगमध्ये पुनरागमन केले. एफसी गोवा या नव्या संघात स्पेनचा फेरान कोरोमिनास आघाडीवर गोलांचा धडाका लावीत असताना त्याच्या मागे ब्रँडन फर्नांडिस हा गोव्याचा खेळाडू आक्रमणाची सूत्रे हाताळत होता. 2019-20 मध्ये या संघाने साखळी फेरीत पहिला क्रमांक मिळवला, आणि 2021 साली आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा तो पहिला भारतीय संघ ठरला.

यानंतरचा एक प्रसंग साऱ्या विषयाचे सार सांगून जातो. 22 ऑक्टोबर 2025 रोजी सौदी अरेबियाचा अल-नस्र हा संघ फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाविरुद्ध खेळण्यास आला. पोर्तुगालचा विख्यात खेळाडू क्रिस्तियानो रोनाल्डो त्या संघात असल्यामुळे अवघ्या गोव्याचे डोळे त्या पाहुण्याकडे लागले होते. रोनाल्डो आलाच नाही. अनेकांची निराशा झाली. परंतु सामना सुरू झाल्यावर अल-नस्रने दोन गोलांची आघाडी घेतली असताना, मध्यंतरापूर्वी गोव्याकडून एक गोल झाला. तो कोणा परदेशी पाहुण्याने केला नव्हता. ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच तरुणाने केला होता. सामना 1-2 असा गमावला गेला. तरीही गोलासमोर चेंडू आल्यावर घरच्या मुलाचा पाय डळमळला नाही, ही त्या रात्रीची कमाई विजयाहून कमी नव्हती.

तेव्हा बास्केटबॉलची नवी लीग असो, की गावच्या मैदानावरील चषक असो, पाहुण्या खेळाडूला दार बंद करण्याचे कारण नाही. मात्र त्याला बोलावताना काही पथ्ये पाळावी लागतील. त्याची संख्या मर्यादित असावी. वर्षातून एक तरी स्पर्धा केवळ घरच्या खेळाडूंची असावी. सगळे पाहुणे एकाच मोक्याच्या जागी उभे करू नयेत. सकाळच्या सरावात गावची मुले त्याच्या शेजारी असतील, अशी तरतूद करारातच असावी. आणि त्याच्या जिवाची काळजी घरच्या मुलाइतकीच घेतली जावी.

पाहुणा एक दिवस राहिला तर पाहुणा, असे आपल्याकडची जुनी म्हण सांगते. पुढचे दिवस तो राहिला तर अक्कल कोणाची गेली, यावर ती हसते. खेळाच्या बाबतीत या म्हणीत थोडा बदल करावा लागेल. पाहुणा किती दिवस राहिला याला महत्त्व नाही. तो गेल्यावर जत्रेच्या बैठकीत नायिका कोण, हा प्रश्न पुन्हा पडला की नाही, एवढेच पाहावयाचे. आमोण्याच्या एखाद्या मुलीने नटीच्या तालमी डोळे भरून पाहिल्या असतील आणि पुढच्या वर्षी ती स्वतः पुढे आली असेल, तर त्या मानधनातील पै न पै सार्थकी लागली असे म्हणावे.